मेंटॉर-मेंटी गट : पहिल्या भेटीआधी हे वाचा

सर्व मेंटॉर (मार्गदर्शक) शिक्षकांना नमस्कार.

कोणत्या मेंटॉरकडे कोणते विद्यार्थी (मेंटी) आहेत, याच्या गटयाद्या विभागात लावल्या आहेत. पहिली भेट गटात घ्या, पण पुढच्या पंधरा दिवसांत प्रत्येक विद्यार्थ्याला किमान दहा मिनिटे वेगळे भेटा. सगळ्यांसमोर कुणी घरची अडचण सांगत नाही. स्टाफरूम टाळा, दार उघडे ठेवलेली रिकामी वर्गखोली बरी.

"काही अडचण आहे का?" याला "नाही सर" एवढेच उत्तर येते. नेमके विचारा : कॉलेजला यायला किती वेळ लागतो, कोणता विषय नापास राहिला आहे (एटीकेटी), महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज कुठे अडला आहे. शिष्यवृत्ती बऱ्याचदा बँक खात्याला आधार जोडलेले नसल्याने किंवा उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत संपल्याने अडकते. शेवटची तारीख उलटल्यावर हे कळून उपयोग नसतो.

नोंदवहीत तारीख, विषय आणि ठरलेली पुढची कृती लिहा. खासगी तपशील नकोत. ही वही नॅकच्या (कॉलेजच्या मूल्यांकनाच्या) वेळी इतरांच्याही हातात जाते. सत्राअखेरीस एका बैठकीत सगळ्या भेटींच्या सह्या घेणे कृपया थांबवा. त्याने फाइल भरते, पण अडचणीतला विद्यार्थी नजरेतून सुटतो.

जिवाचे बरेवाईट करण्याचे बोलणे निघाले, तर "कुणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नका. विद्यार्थ्याला एकटे न सोडता समुपदेशकांना लगेच बोलवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे. रॅगिंगच्या तक्रारीसाठी १८००-१८०-५५२२.

कुणाला मेंटॉर बदलून हवा असेल, तर कारणे खोदू नका. अर्ज समन्वयकांकडे पाठवा.