भाजीपाला स्पर्धेचे नियम पेरणीआधी जाहीर व्हावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा सरला की आपल्याकडे कृषी प्रदर्शनांचे दिवस सुरू होतात. नोव्हेंबरात कराडला यशवंतराव चव्हाण यांच्या नावाने भरणारे प्रदर्शन, पुढे पुसेगावची सेवागिरी महाराजांची यात्रा, मराठवाड्यात माळेगावची खंडोबाची यात्रा आणि यांखेरीज तालुक्या-तालुक्यांत भरणारी लहान प्रदर्शने, यांतील बऱ्याच ठिकाणी जनावरांच्या बरोबरीने भाजीपाल्याचीही स्पर्धा असते. अशा लहान स्पर्धांत मी अनेक वर्षे भाजी मांडत आलो आहे आणि त्या टिकाव्यात, वाढाव्यात, असे मला मनापासून वाटते. म्हणूनच आयोजकांपुढे एक मागणी ठेवतो. स्पर्धेची तारीख, गट आणि गुणांकनाचे नियम किमान सहा महिने आधी, म्हणजे पेरणीच्या अगोदर, शेतकऱ्यांच्या हाती पडावेत.

सध्या बहुतेक ठिकाणी आठ-दहा दिवस आधी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर सूचना लागते. त्या वेळी शेतात जे उभे असेल त्यातले ठसठशीत नग तोडायचे आणि टेबलावर नेऊन ठेवायचे, एवढेच शेतकऱ्याच्या हाती उरते. वास्तविक प्रदर्शनासाठी भाजी पिकवणे हे तारखेवरून मागे मोजत करायचे काम आहे. डिसेंबरच्या मध्याला गाजर मांडायचे तर ते सप्टेंबरात पेरावे लागते. मुळ्याला दीड महिना पुरतो. फुलकोबीची रोपे सप्टेंबरात लावली तर गड्डा वेळेवर भरतो. रब्बी कांदा त्या वेळी मिळणारच नाही, मांडायचा तर खरिपातला, आणि त्याचे रोप जून-जुलैत टाकलेले असावे लागते. कोहळ्याचा वेल तर पावसाळ्याच्या तोंडावरच लावायला हवा.

शिवाय नुसती वेळ साधून भागत नाही. गाजर-मुळ्याच्या वाफ्यात खडा राहिला किंवा कच्चे शेणखत पडले की मुळाला फाटे फुटतात, म्हणून ती माती हातभर खोल भुसभुशीत करून चाळावी लागते. फुलकोबीच्या गड्ड्यावर ऊन पडले की तो पिवळा पडतो, म्हणून गड्डा दिसू लागताच त्याचीच पाने वर ओढून सैल बांधावी लागतात. पडवळ सरळ वाढावे म्हणून त्याच्या टोकाला लहानसा दगड बांधण्याची रीत आपल्याकडे जुनीच आहे. कोहळ्यावरची पांढरी भुकटी पुसली गेली की त्याची शोभा जाते, म्हणून तो देठाला धरून उचलायचा आणि गवताच्या चुंबळीवर ठेवायचा. वांगी भल्या पहाटे, काटेरी देठासह कात्रीने काढायची. प्रदर्शनासाठी शिकलेली ही काळजी शेतकऱ्याच्या अंगी मुरते आणि पुढे बाजाराच्या मालातही दिसते, हे मी आमच्या भागात पाहिले आहे. या स्पर्धांचा खरा उपयोग तोच आहे.

नियम आधी ठरले नाहीत की परीक्षकांची नजर साहजिकच मोठ्या नगावर जाते. परंतु आकार हा भाजीचा एकच गुण आहे, आणि तोही एका मर्यादेपर्यंतच. वीतभर लांब भेंडी बहुधा जून असते, तिचे टोक बोटाने मोडत नाही. पोसलेला मुळा आतून पोकळ निघतो. युरियाच्या जोरावर फुगवलेल्या कांद्याची मान जाड राहते आणि तो चाळीत टिकत नाही. ब्रिटनमध्ये गावोगावी भाजीपाल्याची प्रदर्शने भरवण्याची मोठी परंपरा आहे. तेथे १८०४ साली स्थापन झालेल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीच्या गुणपद्धतीत आकाराबरोबरच ताजेपणा व निर्दोषपणा, घाट, रंग आणि मांडलेल्या सर्व नगांचा सारखेपणा यांनाही गुण असतात. आपल्याला ती पद्धत जशीच्या तशी उचलण्याचे कारण नाही. राहुरी, दापोली, अकोला आणि परभणी येथील कृषी विद्यापीठांच्या उद्यानविद्या विभागांनी आपल्या भाज्यांसाठी असा तक्ता करून द्यावा. भरताचे वांगे आणि भरल्या वांग्यासाठीचे लहान काटेरी वांगे एकाच गटात जोखणे अन्यायाचे आहे, हे त्यांना सांगायला नको.

गावरान वाणांसाठी तर स्वतंत्र गट हवाच. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांना देशी बियाणे जपण्याच्या कामासाठी पद्मश्री मिळाली. त्यांच्याप्रमाणेच घरचे वालाचे, दोडक्याचे, भोपळ्याचे बी राखणाऱ्या बायका अनेक गावांत आहेत, पण संकरित वाणांच्या एकसारख्या, चकचकीत मालापुढे त्यांची भाजी टेबलावर मागे पडते आणि पुढच्या वर्षी त्या येतच नाहीत. या गटात भाजीसोबत त्याच वाणाचे मूठभर बी मांडण्याची अट असावी आणि बियाण्यालाही गुण असावेत. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ यानुसार शेतकऱ्याला स्वतः जपलेल्या वाणाची नोंदणी करता येते. स्पर्धेत वेगळे वाण आढळले तर त्या नोंदणीची माहिती तेथेच देता येईल.

आणखी दोन गोष्टींची काळजी आयोजकांनी घ्यावी. बाजारातून निवडून आणलेला माल स्वतःचा म्हणून मांडला जाऊ नये, यासाठी नाव नोंदवलेल्या शेतकऱ्याचा प्लॉट कृषी सहायकांनी हंगामात एकदा तरी पाहावा. तसेच शेवटची फवारणी कोणती आणि कधी केली, याची नोंद मागावी. औषधाच्या डब्यावर दिलेला काढणीपूर्वीचा कालावधी पाळलेला नसेल, तर माल कितीही देखणा असला तरी बाद करावा, कारण बक्षीस मिळालेली भाजी लोक कौतुकाने घरी नेतात आणि खातात.

या साऱ्याला फारसा खर्च नाही. बक्षिसाची रक्कम वाढवली नाही तरी चालेल. मात्र प्रत्येक नमुन्यापुढच्या कार्डावर वाणाचे नाव, पेरणीची तारीख आणि मिळालेले गुण लिहावेत, आणि गुण कुठे कमी पडले ते परीक्षकांनी एका ओळीत नोंदवावे. निकालानंतर ती कार्डे प्रदर्शन संपेपर्यंत टेबलावरच ठेवावीत, म्हणजे ज्यांना बक्षीस मिळाले नाही त्यांनाही पुढच्या हंगामात काय सुधारायचे ते वाचता येईल.

आपला नम्र,
एक भाजीपाला उत्पादक शेतकरी,
जि. सांगली