चांदणीला यात्रेत नेण्याआधी

ऑस्टिन, टेक्सास
नोव्हेंबर

प्रिय दोस्ता,

तुझा निरोप आणि चांदणी घोडीचा व्हिडिओ आला तेव्हा मी बॅन्डेराला निघायच्या गडबडीत होतो. फोनवर दोन शब्दांत उरकावं असा हा विषय नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. ती आता ‘संपली’ म्हणून दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोड्यांच्या यात्रेत तिला विकायचं तू ठरवलंयस. हे पत्र वाचून होईपर्यंत तरी व्यापाऱ्याला शब्द देऊ नकोस.

ऑफिसातले काही जण आणि दोघातिघांचे मित्र असे आम्ही शनिवार-रविवार एका घोड्यांच्या रँचवर होतो. बॅन्डेरा इथून गाडीने अडीच तासांवर, मेडिना नदीकाठचं लहानसं गाव आहे. चुनखडीच्या टेकड्या, बुटके ओक, मधूनमधून सीडरची दाट झुडपं. १८७४ नंतर काही वर्षं दक्षिण टेक्सासमधले गुरांचे तांडे हाकत काउबॉय याच बाजूने उत्तरेला कॅन्ससच्या रेल्वेपर्यंत जायचे. आता तिथल्या बऱ्याच रँच पाहुण्यांवर चालतात. शेकोटी, मका, राजमा, रात्री गिटार हे सगळं झालं आणि छानही झालं. पण मला तुला सांगायचंय ते घोड्यांबद्दल.

बहुतेक घोडे क्वार्टर हॉर्स जातीचे. उंचीला बेताचे, पण मागचे पुठ्ठे असे भरलेले की पाव मैलाच्या धावेत भल्याभल्यांना मागे टाकतील. खोगीर जड, पुढे दोर अडकवायला उभी मूठ. लगाम एकाच हातात धरायचा, कारण काउबॉयचा दुसरा हात दोरासाठी मोकळा लागायचा. घोडा उजवीकडे वळवायचा तर लगाम नुसता मानेच्या डाव्या बाजूला टेकवायचा, ओढायचा नाही. तुझे आप्पा वरातीत चांदणीला असंच नेत, आठवतं? बँड कानाशी वाजतोय, फटाके फुटताहेत आणि आप्पांचा हात मात्र सैल. इथे पहिल्या दिवशी आमच्यातले तीन-चार जण लगाम खेचत होते. घोड्याच्या जिभेवर लोखंड आहे हे माणसं किती पटकन विसरतात! मला ते बघवत नव्हतं, म्हणून मी दोघांना तसं सांगितलंही.

आमच्यातली चेन्नईची एक मुलगी घोड्याला पहिल्यांदाच हात लावत होती. तिला बिस्किट नावाचा घोडा दिला. वय २७! मला आधी राग आला, म्हाताऱ्या जनावराला कशाला राबवतात म्हणून. मग नीट पाहिलं. अंग भरलेलं, कातडी तुकतुकीत, डोळे शांत. तिथल्या घोड्यांची सगळी व्यवस्था एक साठी ओलांडलेली बाई बघते. ती म्हणाली की तो दिवसातून एकदाच, तेही हलक्या अंगाच्या माणसाला घेऊन, सपाट वाटेने फिरतो. न्यायचं बंद केलं की कुंपणाशी उभा राहून बाकीच्यांकडे बघत बसतो आणि खाणं सोडतो.

संध्याकाळी खरारा करायला मी तिच्यासोबत थांबलो. तुमच्याकडे कोणते घोडे असतात, असं तिने विचारलं. मी भीमथडीबद्दल सांगितलं, मराठी फौजेचं ते बुटकं, काटक जनावर, ज्याची आता स्वतंत्र जात म्हणून सरकारी नोंद झालीये. मारवाडीच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना भिडतात यावर तिचा विश्वास बसेना, म्हणून तुझा व्हिडिओ दाखवला.

तिने कानांकडे एकदाच पाहिलं. मग व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. चांदणी घास चावताना मान एका बाजूला कलती करते आणि अर्धवट चावलेला चाऱ्याचा बोळा तोंडातून खाली पडतो. मी तो व्हिडिओ कितीदा पाहिला असेन, पण माझं सगळं लक्ष तिच्या वर आलेल्या बरगड्यांकडे होतं. बाईने विचारलं, ‘हिचे दात शेवटचे कधी तपासले?’

मग तिने बिस्किटची जीभ हळूच बाजूला धरून त्याचे दात मला दाखवले. घोड्याचे दात आयुष्यभर हिरडीतून थोडे थोडे बाहेर सरकत असतात आणि चावून चावून झिजत असतात. ही झीज सारखी होत नाही. वरच्या दाढांची बाहेरची कड आणि खालच्यांची आतली कड धारदार होते. वरची गालाला कापते, खालची जिभेला. तोंडात जखम असलेलं जनावर भुकेलं असूनही पोटभर खात नाही. लिदीत अख्खे दाणे दिसले तर समजायचं की चावणं नीट होत नाहीये. जनावरांचा डॉक्टर गुंगीचं औषध देऊन त्या कडा कानशीने घासतो. बिस्किटचं हे दर वर्षी होतं. काही दाढा तर त्याला उरलेल्याच नाहीत, म्हणून त्याला सुका चारा देत नाहीत. गवताच्या गोळ्या पाण्यात भिजवून, पातळ करून देतात.

दोस्ता, चांदणी विशीच्या आसपासची आहे. घोडा पंचवीस-तीस वर्षं जगतो. ती ‘संपली’ असं तू लिहिलंस, पण ती उपाशी आहे अशी मला दाट शंका आहे.

म्हणून एवढं कर. शहाद्याला किंवा धुळ्याला घोड्यांचं तोंड तपासणारा डॉक्टर शोध. उघडून बघायला स्वतः हात घालू नकोस, दाढा बोट तोडतील. तोवर हरभऱ्याची चंदी रात्रभर भिजवून, चेचून दे. सोबत भिजवलेला गव्हाचा कोंडा आणि अगदी बारीक कापलेला लसूणघास दे. पण बदल आठ-दहा दिवसांत हळूहळू कर. घोड्याला ओकता येत नाही. एकदम नवीन खाणं पडलं की पोटशूळ उठतो आणि त्यात जनावर जातं. दिवसातून दोनदा भरपूर देण्यापेक्षा चार-पाच वेळा थोडं थोडं दे. आणि हौदातलं पाणी थंडीत फार गार होऊ देऊ नकोस. पाणी कमी पितात मग.

खर्चाचं तू लिहिलं नाहीस, पण मला कळतं. आप्पा गेल्यापासून वरातीची सुपारी येत नाही, आणि चाऱ्याचे भाव काय आहेत ते मी दादाकडून ऐकतो. डॉक्टरचं बिल आणि उन्हाळ्यापर्यंतची चंदी माझ्याकडे. यावर वाद घालू नकोस. तिच्या पाठीवर बसूनच मी तापीच्या पात्रात रेवाल, म्हणजे स्वाराला धक्का न देणारी ती चाल शिकलो, आणि आप्पांनी माझ्याकडून कधी पैसा घेतला नाही.

दात बघूनही डॉक्टर म्हणाला की इलाज नाही, तर पुढचं आपण दोघं मिळून ठरवू. पण ते तुझ्या गोठ्यात ठरू दे, यात्रेच्या गर्दीत नको. किंमत करताना तिथे कुणी तिचं तोंड उघडलंच, तर ते वय बघायला, दुखणं शोधायला नाही.

मी मार्चमध्ये येतोय. काकूंना नमस्कार सांग, पोरांना आशीर्वाद. डॉक्टर काय म्हणाला ते त्याच दिवशी कळव, इथे रात्र असली तरी फोन कर.

तुझाच,
बाकावरचा शेजारी