लंगरामागची माता खीवी

महोदय,

नांदेडच्या गुरुद्वाऱ्यातील लंगरात, म्हणजे सर्वांसाठीच्या मोफत सामूहिक जेवणात, पंगतीला बसून दोन्ही हात पुढे करून गरम पोळी घेतली, की मला माता खीवी आठवतात. लंगराची गोष्ट गुरू नानकांपासून सांगितली जाते, ते योग्यच आहे. पण पंजाबात खडूर साहिबला ती चूल रोज पेटती ठेवली ती शिखांचे दुसरे गुरू अंगद यांच्या पत्नीने, माता खीवींनी. गुरू ग्रंथ साहिबात सत्ता आणि बलवंड या दोन गायक-कवींच्या रचनेत त्यांचे नाव घेऊन कौतुक आहे: दाट पानांच्या झाडासारखी त्यांची सावली, आणि लंगरात तुपाळ, अमृतासारखी खीर! गुरूपत्नीचा असा नावानिशी उल्लेख त्या ग्रंथात दुसरा नाही. खीर साधी नव्हे, तुपाची. आल्यागेल्याला चांगलेचुंगले वाढायचे, ही एका गृहिणीची नजर मला फार मोठी वाटते. १५५२ मध्ये गुरू अंगद गेले; त्यानंतर खीवी तीस वर्षे जगल्या. शाळेच्या पुस्तकात लंगराचा उल्लेख येईल तिथे त्यांचे नाव यायलाच हवे.

– एक वाचक, नांदेड