आई-बाबा, मी पुन्हा शाळेत नाव घातलंय

पर्थ

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

"एम.एस्सी., बी.एड. झाल्यावर आता सर्टिफिकेट? ही तर उतरती भाजणी झाली," असं म्हणून बाबांनी फोन आईकडे दिला आणि आईने "जेवलीस का?" विचारून विषयच मिटवला. फोनवर मला हे नीट सांगता येत नाही. बाबांना मधलं ऐकू येत नाही, मी आवाज चढवते आणि मग भांडल्यासारखं होतं. म्हणून पत्र लिहितेय. चिन्मयला मोठ्या अक्षरांत छापून द्यायला सांगितलंय.

आधी भाजणीचं. बाबा, कागदावर तुमचं बरोबर आहे. ऑस्ट्रेलियात प्रत्येक शिक्षणाला पायरी ठरवून दिलेली आहे. पदवी सातव्या पायरीवर, हे ग्रॅज्युएट सर्टिफिकेट आठव्या, मास्टर्स नवव्या आणि पीएच.डी. दहाव्या. म्हणजे मी खरंच एक पायरी खाली उतरून बसलेय. पण इथे नोकरी करणारी माणसं चाळिशी-पंचेचाळिशीत असंच करतात. चार विषय असतात, नोकरी सांभाळून वर्षभरात होतात, आणि पुढे मनात आलं तर तेच विषय मास्टर्सला धरले जातात. नाही आलं तर सर्टिफिकेट घेऊन बाहेर पडायचं, कुणी काही म्हणत नाही. माझा विषय आहे शैक्षणिक तंत्रज्ञान. शेजारच्या काकांना सांगा, हे एमएस-सीआयटी नव्हे. कॉम्प्युटर शिकायचा नाहीये. शिकवताना कॉम्प्युटर कुठे आणायचा आणि कुठे दाराबाहेर ठेवायचा, ते शिकायचंय.

दाराबाहेर ठेवायची गोष्ट गंमत म्हणून नाही सांगत. आमच्या पश्चिम ऑस्ट्रेलिया राज्यात सरकारी शाळांमध्ये 2020 पासून मोबाइलला बंदी आहे. सकाळी आला की बंद करून ठेवायचा, तो घरी जाताना सुरू करायचा. मुलं कुरकुरली, आता सवय झाली. मधल्या सुट्टीत पुन्हा बोलायला लागली आहेत एकमेकांशी, तेवढा आरडाओरडा मला चालतो.

आता हे का काढलं ते सांगते. आमच्या शाळेने गणितासाठी एक सॉफ्टवेअर घेतलं. विकायला आलेला माणूस इतका गोड बोलत होता की आईने त्याच्याकडून दोन स्टीलचे डबेही घेतले असते. मुलांनी गणितं सोडवायची, गुण मिळवायचे आणि बाईंच्या पडद्यावर प्रत्येक मुलासमोर रंग उमटायचा. हिरवा म्हणजे आलं, लाल म्हणजे नाही आलं. माझ्या आठवीच्या वर्गात एक मुलगी आहे, तिचं सगळं हिरवंगार. एकदा सहज तिला फळ्यावर अर्धा अधिक एक तृतीयांश करायला बोलावलं, तर तिने दोन पंचमांश लिहिलं आणि खडू ठेवून जागेवर गेली. मग मी तिच्या शेजारी बसून ती कशी सोडवते ते पाहिलं. त्यात "इशारा" नावाचं बटण आहे. ती प्रश्न वाचतसुद्धा नव्हती. टक, टक, टक, शेवटच्या इशाऱ्याला उत्तरच समोर येतं. ते भरायचं की हिरवा रंग. पोरगी हुशारच म्हणायची, तिने गणित नाही पण यंत्र बरोबर ओळखलं होतं.

शिक्षकांच्या बैठकीत मी हे सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या आणि वर्गणीची मुदत वाढवली. कारण ठरवणारी मंडळी वेगळीच, त्यांना आलेख वाचता येतात, वर्ग वाचता येत नाही. आणि मला वर्ग वाचता येतो, पण त्यांच्या आलेखाला त्यांच्याच भाषेत उत्तर देता येत नव्हतं. शाळेत डिजिटल शिक्षणाचं काम बघणाऱ्याची जागा निघते तेव्हा हे सर्टिफिकेट मागतात. मला त्या टेबलाशी बसायचंय. पगारही थोडा वाढेल, तेही कारण आहे, उगाच थोरपणाचा आव कशाला आणू?

अभ्यास सुरू झाला आणि पहिल्याच आठवड्यांत एक जुनं भांडण वाचायला मिळालं. बाबा, तुम्हाला आवडेल. रिचर्ड क्लार्क नावाचे अमेरिकेतले प्राध्यापक 1983 साली लिहून गेले की टीव्ही काय, कॉम्प्युटर काय, ही नुसती वाहनं आहेत. किराणा माल घेऊन येणाऱ्या ट्रकमुळे जसं आपलं पोषण सुधारत नाही, तसं या वाहनांमुळे मूल शिकत नाही. माल काय आहे ते बघा. मला लगेच तुमचा एसटीचा डेपो दिसला. पार्सल फुटलं की लोक ड्रायव्हरला धरायचे आणि तुम्ही म्हणायचात, पॅकिंग कुणी केलं ते आधी विचारा. दहा-अकरा वर्षांनी रॉबर्ट कोझ्मा यांनी उलट बाजू मांडली की वाहनाप्रमाणे कोणता माल नेता येतो तेही बदलतं, म्हणून वाहन अगदीच बिनमहत्त्वाचं नाही. आमच्या वर्गात यावरून तास-दीड तास जुंपली होती. मी क्लार्कच्या बाजूने. पण रस्ताच नसेल तिथे वाहनाचा विचार करावाच लागतो, हे इथे राहून पटतं.

कारण इथलं अंतर. आई, तुला स्कूल ऑफ द एअर सांगितलं होतं का मी? या देशाच्या आतल्या भागात गुरांची कुरणं इतकी मोठी की शेजारचं घर शेकडो किलोमीटरवर. तिथल्या मुलांची शाळा रेडिओवर भरायची. विमानाने दूरच्या रुग्णांकडे जाणाऱ्या 'उडत्या डॉक्टरां'साठी जो दोन्ही बाजूंनी बोलता येणारा रेडिओ होता, तोच वापरून 1951 साली ॲलिस स्प्रिंग्जमध्ये ही शाळा सुरू झाली. बाई तिकडून प्रश्न विचारणार, मूल स्वयंपाकघरात बसून बटण दाबून उत्तर देणार. आता हे सगळं उपग्रहाच्या इंटरनेटवर चालतं. पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटात असाच रेडिओवर शिकलेला एक मुलगा पुढे आमच्या पर्थमध्ये कॉम्प्युटर शिकला. मार्टिन डूगियामास त्याचं नाव. त्याने इंटरनेटवर वर्ग चालवायची मूडल नावाची प्रणाली बनवली, 2002 मध्ये जगाला फुकट दिली. माझा सगळा अभ्यास त्यावरच असतो आणि आपल्या पवईच्या आयआयटीतही तीच वापरतात.

आणि मग मला तुझ्या शाळेतला टीव्ही आठवला. पुण्याच्या बालचित्रवाणीचे कार्यक्रम लागायचे तेव्हा तू दोन वर्ग एकत्र करून बसवायचीस. पडद्यावरची ताई विचारायची, "समजलं ना बालमित्रांनो?" आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायची. मागच्या रांगेतला कोणीतरी "नाही!" म्हणून ओरडायचा आणि सगळा वर्ग हसायचा. तू मग काय करायचीस? आवाज बारीक करून चित्रं चालू ठेवायचीस आणि स्वतः बोलायचीस. मध्येच वीज गेली तर तशीच पुढे बोलत राहायचीस. बालचित्रवाणी 1984 ची, 2017 मध्ये बंद झाली. ती चालवणाऱ्यांनी कष्ट कमी घेतले नव्हते, पण एकाच बाजूने बोलणारा डबा आणि उलट विचारता येणारा रेडिओ यात जमीन-अस्मानाचा फरक. माझ्या पहिल्या निबंधात मी हेच लिहिलं. तुझं नाव घातलं नाही, "ग्रामीण महाराष्ट्रातील एक प्राथमिक शिक्षिका" असं लिहिलं. सरांनी त्या ओळीखाली रेघ मारून विचारलंय, यांच्याशी बोलता येईल का? तर तयारीत राहा. दुभाषी मी.

पाट्यांचंही तसंच. तू तोंडी गणित घालून "पाट्या वर!" म्हणायचीस आणि एका नजरेत तुला कळायचं कोण अडलंय. बोट वर करणाऱ्या हुशार पोरालाच विचारत बसायची नाहीस. पॉल ब्लॅक आणि डिलन विल्यम या दोघांनी ब्रिटनमध्ये 1998 साली लिहिलेलं आम्हाला वाचायला आहे, त्याचा गाभा हाच की शिकवता शिकवता मुलाला काय कळलंय ते तपासत राहा आणि त्याप्रमाणे आपलं शिकवणं वळवा. आता त्याच पाट्यांची ॲप निघाली आहेत आणि त्यांची वर्गणी डॉलरमध्ये असते. मी वर्गात चक्क छोटे पांढरे फळे आणि मार्कर आणलेत.

पण आई, लगेच बाबांकडे बघून हसू नकोस, तुझं सगळंच बरोबर निघालेलं नाही. तक्त्यांच्या चारही बाजूंना वेलबुट्टी काढायची, जलचक्राच्या तक्त्यात कोपऱ्यात मोर आणि सशाची जोडी, ते सगळं बाद. रिचर्ड मेयर या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञांनी वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलंय की विषयाशी संबंध नसलेली सुंदर चित्रं मुलांचं लक्ष पळवतात. मी स्वतः जलचक्रातलं बाष्पीभवन विसरले असेन, मोर अजून डोळ्यांसमोर आहे. मात्र तोच तक्ता तू वर्तमानपत्राने झाकून एकेक भाग उघडत जायचीस, ते मेयरच्या पुस्तकातलं पान वाटावं इतकं नेमकं होतं. केंद्रप्रमुख यायचे तेव्हा ते वेलबुट्टीचं कौतुक करायचे, झाकण्याचं नाही.

बाबा, 2020 मध्ये परितेवाडीच्या डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज मिळालं तेव्हा बातमीचा फोटो मला तुम्हीच पाठवला होता, पुस्तकातल्या क्यूआर कोडची सगळी हकिकत लिहून. दहा लाख डॉलरमधले निम्मे त्यांनी शेवटच्या फेरीतल्या बाकीच्या शिक्षकांना वाटले म्हणून दोन दिवस फोनवर तेच बोलत होतात. ते जे करतात ना, तोच हा विषय. सोलापूर जिल्ह्यातल्या गुरुजींनी केलं की अभिमान आणि पोरीने केलं की उतरती भाजणी, हे काही बरोबर नाही हं.

सध्याचा विषय आहे सगळ्या मुलांपर्यंत पोचण्याचा. ज्याला दिसत नाही, ऐकू येत नाही, वाचायला वेळ लागतो, त्याच्यासाठी पाठ नंतर डागडुजी करून नव्हे तर सुरुवातीपासूनच तसा आखायचा. गृहपाठ म्हणून माझ्याच एका पाठाच्या व्हिडिओला खाली मजकूर द्यायचा होता. यंत्राने आपोआप लिहिलेला मजकूर बघितला तर माझ्या इंग्रजीचं पार भजं झालेलं. "हायपोटेन्यूज" दर वेळी वेगळा, एकदा तर त्याने "हिप्पो" केला. रात्री बारापर्यंत बसून ओळ न् ओळ दुरुस्त केली. तुमची नात शेजारी बसून हसत होती आणि म्हणत होती, "आई, तू कराडचं इंग्रजी बोलतेस." दुसऱ्या दिवशी वर्गात मात्र मागच्या बाकावरच्या मुलाने, ज्याला एका कानाने कमी ऐकू येतं, तो व्हिडिओ आपणहून पुन्हा लावला.

मुलं एआयकडून निबंध लिहून आणतात, त्याबद्दल बाबा विचारत होते. आणतात. त्यावरही एक विषय आहे, तो पुढच्या सत्रात, तेव्हा लिहीन. तोवर माझा उपाय आपला साधा, "उठून उभा राहा आणि सांग."

पैशाचं. बाबा, एफडी मोडायची नाही. चिन्मय सांगत होता तुम्ही बँकेत जाऊन चौकशी करून आलात. मी इथली नागरिक असल्यामुळे फीसाठी सरकारी कर्ज मिळालंय. त्याला व्याज नसतं, महागाईच्या मानाने रक्कम दरवर्षी वाढवतात आणि पगार ठरावीक आकड्याच्या वर असेल तरच कराबरोबर हप्ता कापून जातो. नोकरी गेली तर हप्ता थांबतो. तुम्ही आयुष्यभर हिशोब तपासले, हाही तपासा, कागद चिन्मयकडे पाठवते. पण एफडी आईच्या गुडघ्यासाठी आहे, तिथेच राहू दे.

यंदा डिसेंबरात येणं मात्र जमेल, सत्र नोव्हेंबरात संपतं. जुलैच्या सुट्टीत येणार नाही, ते आधीच सांगते म्हणजे गच्चीवर सांडगे-पापड माझ्या वाट्याचे जास्तीचे घालायला नकोत.

दोन कामं आहेत. माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत आईच्या पाठ टाचणाच्या वह्या आणि गुंडाळून ठेवलेले तक्ते आहेत. चिन्मयला काढायला सांगा, आईने शिडीवर चढायचं नाही. तक्ते जमिनीवर पसरून दिवसाउजेडी फोटो काढा, फ्लॅश नको, कडा दुमडल्या असतील तर चारही कोपऱ्यांवर वाट्या ठेवा. जलचक्राचा सापडला तर मोरासकट पाठवा. वह्यांमध्ये ज्या पाठाखाली आईने लाल शाईने "पुन्हा घेणे" लिहिलंय, ती पानं मला आधी हवी आहेत.

दुसरं काम बाबांचं. कानाची तपासणी करून घ्या. तुम्ही मालिका बघताना खालचा इंग्रजी मजकूर वाचता, हे आईने मला सांगितलंय.

तुमची,
मनू

ता.क. मंगळवारी संध्याकाळी साडेचारनंतर फोन करू नका. तुमचे साडेचार म्हणजे आमचे सात, तेव्हा माझा वर्ग असतो. मागच्या वेळी कॅमेरा चालू होता आणि "भाजीला काय केलंस?" सगळ्या वर्गाने ऐकलं.