मारुतीची यात्रा आणि मामाची द्राक्षबाग

प्रिय दोस्ता,

तुझा मेसेज परवाच बघितला, पण हे फोनवर टाइप करत बसण्यासारखं नव्हतं, म्हणून म्हटलं निवांत पत्रच लिहू. यंदा मारुतीच्या यात्रेला मामाकडं गेलास का म्हणून विचारलंस ना, गेलो की, आणि असं काय काय बघून आलो की आठवडा झाला तरी डोक्यातून जाईना.

सकाळची मिरज पॅसेंजर धरली. घटप्रभा, रायबाग, चिंचली, एकेक स्टेशन घेत गाडी चाललेली, डब्यात अर्धं कानडी अर्धं मराठी तोच आपला गोंगाट, शेंगा सोलत बसलेली माणसं, खिडकीची जागा धरायला भांडणारी पोरं. कुडची सोडली की कृष्णेचा पूल लागतो बघ, तिथं आपण लहानपणी पैसे टाकायचो, मी परवाही टाकला एक रुपया, तुझ्या नावानं. नदी पार तळाला गेलेली.

उगारला मामा स्प्लेंडर घेऊन उभा होता. वाटेत मंगसुळीला खंडोबाच्या पाया पडलो. तिथं मला दरवेळी बरं वाटतं, आपण ज्याला खंडोबा म्हणतो त्यालाच शेजारचा कानडी माणूस मल्लय्या म्हणून हात जोडतो आणि भंडारा दोघांच्या कपाळाला एकच लागतो. पुजाऱ्यानं माझ्या मानेवरसुद्धा भंडारा उधळला, घाम आल्यावर सगळी कॉलर पिवळी, अजून गेली नाही ती.

गावात सूर्योदयाचा पाळणा होऊन गेलेला, तो चुकला. पण पालखी मिळाली, करडी मजलवाले, म्हणजे तिकडचे वाजंत्री, आलेले, त्यांचा ठेका सुरू झाला की पाय आपोआप हलतात. घरी मामीनं पुरणपोळी, आमटी आणि वर अंबील केलेली. एवढं जेवल्यावर झोपच यायची, पण मामा म्हणाला, "चल, तुला आपली द्राक्षं कुठं जात्यात ते दावतो."

तुला माहितीय मामाची थॉम्पसन द्राक्षांची बाग. मळ्यातली ती बेदाण्याची शेड, जाळ्यांवर घड पसरायचे आणि पंधरा दिवस जीव मुठीत धरून आभाळाकडं बघत बसायचं, एक अवकाळी सर आली की बेदाणा काळा पडला, भाव गेला. दोनदा तसं झाल्यावर मामानं एका पट्टीतली बाग काढून वाईनची द्राक्षं लावली. घरात तेव्हा केवढं झालं होतं! आजी माळकरी, मामा स्वतः माळकरी, आणि दारूचं पीक घेतोस म्हणून भावकी तोंडावर बोलायची. त्यात ज्या पहिल्या कंपनीसाठी लावली तिनं दोन वर्षं माल उचलला आणि पैसे अडकवले, तेव्हा मामीच्या पाटल्या गहाण पडल्या. हे मी तुला आधी कधी सांगितलं नव्हतं.

आता माल जातो तो दुसऱ्या वायनरीला, म्हणजे वाईनच्या कारखान्याला, अथणीच्या पुढं विजापूरच्या बाजूला, छोटीच आहे. सगळा कृष्णाकाठच्या द्राक्षांचा पट्टा, कर्नाटक सरकारनं 2007 ला वाईन धोरण आणलं त्यात याला कृष्णा खोरं म्हणून वेगळं धरलंय. मला वाटलेलं घड लटकलेले दिसतील, पण एप्रिलमध्ये कुठले घड, सगळीकडं खरड छाटणी, म्हणजे उन्हाळ्यातली मोठी छाटणी झालेली, नुसते उघडे ओलांडे, म्हणजे वेलीचे आडवे जाड फाटे, तारेवर पसरलेले, त्याला बोटाएवढी नवी फूट. मामा म्हणाला, "बाग आता मोकळी दिसतीया, पण म्होरच्या सालचा घड ह्याच काडीत बसतोय, उन्हाळ्यात. ऑक्टोबरात छाटायचं ते नुसतं त्याला बाहेर काढायला." तीस वर्षं बागेत काढलेल्या माणसाचं हे बोलणं, मी ऐकतच राहिलो.

बाहेर ऊन चाळीसच्या घरात आणि आत टाक्यांच्या खोलीत शाल घ्यावी असा गारवा. स्टीलच्या उंच टाक्या, भोवतीनं थंड पाणी फिरवतात. तिथला पोरगा गावचाच, त्यानं समजावून सांगितलं की काळ्या द्राक्षाचासुद्धा रस पांढराच निघतो, रंग सगळा सालीत असतो, म्हणून लाल वाईनला साली-बिया रसातच ठेवून आंबवतात आणि पांढरीला आधीच पिळून बाजूला काढतात, पांढरी गार ठेवून सावकाश आंबवायची नाहीतर वास उडून जातो. मी विचारलं द्राक्षं खाऊन बघायला मिळतील का, तर म्हणाला सीझन मार्चमध्येच संपला, आणि ही खायला तुम्हाला आवडणार नाहीत, मणी बारीक, साल जाड, आत बिया.

मागच्या बाजूला चोथ्याचा ढीग होता, सालीबियांचा, जांभळा, आंबूस वासाचा, वर माश्या घोंगावत होत्या. मामा सरळ त्यात हात घालून मूठभर चोथा काढून तळहातावर पसरून बसला आणि त्यातली एकेक बी वेचून दाताखाली धरायला लागला. "बघ, तपकिरी हाय, कुडुम वाजतीया. हिरवी अन कडू लागली असती तर घाई झाली म्हणायची." आणि मग त्याच ढिगातला ट्रॉलीभर चोथा आपल्या मळ्यात खताला न्यायचा सौदा करून आला, बागेचं बागेत परत जाऊ दे म्हणाला.

चव घ्यायला त्या पोरानं दोन ग्लास ओतले. मी घेतला. मामा पिणार नव्हताच, माळ आहे गळ्यात. पण त्यानं ग्लास हातात घेतला, नाकाजवळ नेला, डोळे मिटले आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग हळूच म्हणाला, "पहिल्या पावसाच्या आधीचा वास हाय, विहिरीकडच्या पट्टीतला." आणि भरलेला ग्लास तसाच परत दिला. मी दुसरीकडं बघितलं रे, मला गलबलून आलं. त्या पट्टीपायी जो माणूस भावकीचं ऐकत राहिला, पाटल्या गहाण ठेवून पुन्हा तीच वेल जपली, त्याला आपलं पीक चाखायचं नाही, नुसता वास घ्यायचा. त्याला दारूचं पीक म्हणणाऱ्यांनी एकदा तरी तिथं उभं राहायला हवं होतं.

संध्याकाळी परत येऊन कुस्त्या बघितल्या. ताक-तेल-हळद घालून मळलेली तांबडी माती, आधी लहान पोरांच्या रेवड्यांवरच्या, मग मोठ्या. माइकवरचा माणूस एक वाक्य मराठीत एक कानडीत. एक नऊ-दहा वर्षांचं पोरगं चितपट झालं आणि रडत रडत जोडीदाराच्या अंगाची माती झाडायला लागलं, तेवढं मात्र तू बघायला हवं होतंस.

निघताना आजीच्या पाया पडलो. मी भीतभीत विचारलं, आता तुला राग नाही ना येत मामाचा? तर म्हणाली, "फेब्रुवारीत पहिला घड देवळात ठिवतोय त्यो. मारुतीला चालतंय, मग मला काय हुतंय."

तुझ्या आईसाठी शेडमधला बेदाणा किलोभर पाठवतोय, मामीनं निवडून दिलाय, डब्यात भरून फ्रीजला ठेवायला सांग. आणि फेब्रुवारीत रजा टाक. तोडणी सुरू व्हायच्या आधी एक ओळ तुझ्यासाठी तशीच ठेवतो म्हणालाय मामा.

तुझाच,
तिसऱ्या गेटजवळचा दोस्त