परत तिलाच दे

भाऊ,

तुमच्याकडे फुटबॉल शिकणाऱ्या पोरी तुम्हाला सर म्हणतात, मी आपली भाऊच म्हणते. तोंडावर आभार मानायला आलं की तुम्ही लगेच ग्राउंडवरचे प्रॅक्टिसचे प्लास्टिकचे कोन गोळा करायला लागता, म्हणून हे सगळ्यांदेखत लिहितेय.

जळगावच्या त्या सामन्याचा विषय निघाला की अजून माझा गळा दाटतो. आमच्या धाकटीने गोलकीपरकडे मागे दिलेला पास तोकडा पडला, समोरच्या पोरीने मधेच गाठला आणि गोल. त्यानंतरचं किती जणांच्या लक्षात आलं कोण जाणे. मी आई, मला दिसलं. माझी लेक मान खाली घालून आपली आपणच लाइनकडे चालू लागली. तिला कुणी बाहेर बोलावलं नव्हतं. सवय होती हो तिला तशी!

ती सवय कुणी लावली, नाव घेत नाही. आधी जिथे घातलं होतं तिथे फी आगाऊ, टी-शर्ट त्यांच्याकडूनच घ्यायचा, आणि चूक झाली की लेकराला बाहेर काढून सगळ्यांसमोर त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू. पोरींना बॉलचं काय कळतं, हे आम्हा आयांच्या समोर म्हणायलाही त्यांना काही वाटलं नाही. वर म्हणे शिस्त लावतो! आणि शाळेचं काय सांगू, पीटीचा तास तर कायम गणिताच्या घशात.

तुम्ही त्या क्षणी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. किकऑफ घ्यायला उभ्या पोरीला हाक मारून म्हणालात, "तिलाच दे! परत तिलाच दे!" शिट्टी वाजायच्या आत धाकटी पळत जागेवर पोचली आणि पहिलाच बॉल तिच्या पायात आला. तिने तो साधा बाजूला दिला. तेवढंच. टाळ्या वाजवण्यासारखं त्यात काही नव्हतं, मी मात्र ओढणीने डोळे पुसत बसले. सामना आपण हरलो, ते वेगळं.

तुम्हाला हे सुचलं, कारण तुम्ही स्वतः मधल्या फळीत खेळलात, असं मला वाटतं. मुंबईच्या लीगमध्ये, तेही खालच्या डिव्हिजनला. भुसावळहून रात्रीची मेल धरायची, सकाळी दादरला उतरायचं, खेळून परत रात्रीच्या जनरल डब्यात. वर्षानुवर्षं हेच, आणि पेपरात नाव नाही. मिडफिल्डरचं नाव येतं कुठे म्हणा! १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये आपण ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवलं, नेव्हिल डिसूझांनी हॅटट्रिक केली, भारत चौथा आला, हे तुम्हीच पोरींना सांगितलंत. आणि मग विचारलंत, त्या दिवशी मधे कोण कोण खेळत होतं, सांगा बरं? एकीलाही आलं नाही. मलाही नाही. तुम्ही हसलात आणि म्हणालात, "बॉल गेला तर परत मागायचा, हेच आपलं काम."

गुडघ्याने दगा दिल्यावर दुसरा कुणी चिडचिडा झाला असता. तुम्ही एआयएफएफचं, म्हणजे भारतीय फुटबॉल महासंघाचं, कोचिंगचं डी लायसन्स काढलंत आणि गावी येऊन रेल्वेच्या ग्राउंडवर मुरमातले खडे वेचायला लागलात. मे महिन्यात भुसावळचं ऊन म्हणजे काय ते बाहेरच्यांना सांगून पटत नाही. तुम्ही प्रॅक्टिस पहाटेची केलीत आणि पाण्याचा माठ स्वतः भरून आणलात. शेवटच्या पोरीला न्यायला घरचं कुणी येईपर्यंत तुम्ही गेटवरून हलत नाही. आमच्या ह्यांची ड्यूटी गाडीवर, मला कधीमधी उशीर होतो, पण त्याबद्दल तुम्ही एका शब्दाने टोकलं नाही. चांगुलपणाचा गाजावाजा करणारे आमच्याकडे निवडणुकीच्या हंगामात पुष्कळ दिसतात. तुमच्यासारखी माणसं बोर्ड लावत नाहीत, म्हणून लोकांच्या ध्यानात राहत नाहीत, याचा मला राग येतो.

आता कामाचं. तुम्हाला त्याच्या पुढच्या सी लायसन्सचा कोर्स करायचाय आणि पैशापायी तो अडलाय, हे पोरींकडून कळलं. तुम्ही सांगितलं नाही, सांगणारही नव्हता. आम्ही पालक बसून बोललो आहोत, वर्गणी सुरू झाली आहे. नाही म्हणायचा विचार असेल तर आधीच सांगते, क्वार्टरमधल्या आम्ही सगळ्या जणी तुमच्या ओट्यावर येऊन बसू, आणि वहिनींना इतक्या जणींचा चहा करावा लागेल.

तुमची,
धाकटीची आई