स्वाध्यायाचं पान कोरं येतं तेव्हा

पुणे

चि. ऋचास,
अनेक आशीर्वाद.

लॅपटॉप फॉरमॅट करून टाकते, असं काल फोनवर म्हणालीस. ते मात्र करू नकोस. तपकीर गल्लीत दुकान टाकल्यापासून बघतोय, लोक फॉरमॅट मारून घेतात, फोटो-फायली घालवून बसतात आणि ज्यासाठी आले ते पान पुन्हा कोरंच उघडतं.

तू सांगितलंस त्यातच निम्मं उत्तर आहे. जर्मनच्या स्वाध्यायाचं पान उघडतं, वर तुझं नाव येतं, फक्त प्रश्नांच्या जागी पांढरी चौकट आणि गरगरणारं चक्र. म्हणजे नेट आहे, लॉगिन झालंय, कॉलेजचा सर्व्हरही चालू आहे. असे स्वाध्याय बरेचदा दुसऱ्याच साइटवर असतात आणि कॉलेजच्या पानात चौकट करून बसवलेले असतात. तू कोण, हे त्या साइटला कळायला कुकी, म्हणजे साइटने ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद, लागते. ब्राउझरने अशा दुसऱ्या साइटच्या, म्हणजे थर्ड पार्टी, कुकीज अडवल्या की चौकट कोरी राहू शकते.

आधी कंट्रोल, शिफ्ट आणि आर एकदम दाब, म्हणजे साठवलेल्या जुन्या फायली न वापरता पान नव्याने येईल. तेवढ्याने नाही झालं, तर क्रोमची इनकॉग्निटो खिडकी उघडून लॉगिन कर. तिथे एक्स्टेन्शन्स, म्हणजे ब्राउझरला जोडलेले छोटे प्रोग्राम, सहसा बंद असतात, जुन्या कुकीजही नसतात. पान चाललं तर दोष त्यांतल्याच कशात तरी आहे. जाहिराती अडवणारं एक्स्टेन्शन त्या साइटपुरतं बंद करून बघ. पण तिथेही पान कोरंच आलं, तर एक्स्टेन्शनचा दोष नाही असं धरून चालू नकोस, कारण इनकॉग्निटो स्वतःच थर्ड पार्टी कुकीज अडवतं. चांगली शिकलेली पोरंही इथेच चकतात. साध्या खिडकीत परत ये, एक्स्टेन्शन्स एकेक करून बंद कर, मग सेटिंगमध्ये फक्त त्या साइटच्या कुकीजना परवानगी दे. एका वेळी एकच बदल कर, नाहीतर कशाने चाललं ते कळायचं नाही.

हॉस्टेलच्या वायफायवर काही साइट अडवलेल्या असू शकतात. मोबाइलचा हॉटस्पॉट लावून बघ, दोन मिनिटांत खुलासा होईल.

लॅपटॉपची तारीखही बघून घे. परवा एक आजोबा नातवाचा जुना डेस्कटॉप घेऊन आले. एकही साइट धड उघडेना. मदरबोर्डवरचा बटणासारखा सेल संपला होता, त्यामुळे मशीन दर वेळी कितीतरी वर्षं मागे जायचं आणि साइटचं सुरक्षा प्रमाणपत्र त्याला चुकीचं वाटायचं. सीआर २०३२ सेल बदलला, घड्याळ लावलं, काम झालं.

कुठे फ्लॅश प्लेअर, म्हणजे पानातले व्हिडिओ-खेळ चालवणारा जुना प्रोग्राम, मागितला तर डाउनलोड अजिबात करू नकोस. ॲडोबीने ३१ डिसेंबर २०२० ला तो बंद केला. आता त्या नावाने जे मिळतं त्यात व्हायरस असण्याचीच शक्यता जास्त. तसा स्वाध्याय असेल तर तो शिक्षकांनीच बदलायला हवा.

इतकं करूनही अडलं तर एफ १२ दाबून कन्सोलमध्ये, म्हणजे ब्राउझर चुकांची नोंद दाखवतो तिथे, लाल ओळी बघ. 'ब्लॉक्ड बाय क्लायंट' असेल तर तुझ्याच ब्राउझरमधलं काहीतरी अडवतंय. ५०० किंवा ५०३ आकडा दिसला तर बिघाड त्यांच्या सर्व्हरवर आहे, तू कितीही खटपट केलीस तरी उपयोग नाही. साइट डेटा, म्हणजे ब्राउझरने त्या साइटसाठी साठवलेलं सगळं, पुसायची वेळ आली तर अर्धवट लिहिलेली उत्तरं आधी वहीत उतरवून घे. काही साइट ती ब्राउझरमध्येच साठवतात, मग तीही जातात.

आणि मुदत उलटायची वाट बघू नकोस. तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून मॅडमना आजच पाठव, लाल ओळींचाही जोड. तोच मलाही व्हॉट्सॲपवर टाक. संध्याकाळी गर्दी ओसरली की मी फोन करतो, स्क्रीन शेअर कर, मिळून बघू.

आई म्हणते, जेवण वेळेवर कर.

तुझा,
बाबा